सिस्टर मार्थाच्या गोळ्या

सव्वीस वर्षं मी एका दारावर बसले. दार आमच्या मठाचं. सोलापूर शहर संपून माळ सुरू होतो तिथं हा मठ आहे. दगडी भिंत, आत कडुनिंबाची झाडं, एक विहीर आणि चौदा सिस्टर. त्या चौदाजणी बाहेर येत नाहीत आणि बाहेरचं माणूस आत जात नाही. मधल्या दारावर एक सिस्टर लागते. तिला आमच्यात ‘बाहेरची सिस्टर’ म्हणतात. ती मी होते.

या अंकाच्या संपादकबाईंनी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ म्हटलं, तेव्हा मला हसू आलं. दार उघडणं, दार लावणं, एवढंच माझं काम. पण मनात एक गोष्ट बरीच वर्षं गुंता होऊन पडली आहे. लिहून ती सुटेल असं वाटलं. अर्धं लिहून झालंय आणि अजून सुटलेली नाही. आमच्या मदरची, म्हणजे मठाच्या प्रमुख सिस्टरची, परवानगी घेतली आहे. जिच्याविषयी लिहायचं तिलाही विचारलं. ती म्हणाली, “लिहा की. नाव तेवढं बदला.” म्हणून तिला इथं सिस्टर मार्था म्हणते.

आधी आमचा धंदा समजावून सांगते. बाकीच्या सिस्टर शाळा चालवतात, दवाखाने चालवतात. आमचा संघ तसलं काही करत नाही. आम्ही प्रार्थना करतो. दिवसातून सात वेळा एकत्र, आणि त्याशिवाय सकाळी एक तास, दुपारी एक तास नुसतं गप्प बसायचं. त्या तासांत जप नाही, पुस्तक नाही. देवापुढं बसायचं, बस्स. बाकी वेळ हातानं काम आणि गरजेपुरतं बोलणं. पोटासाठी आम्ही ओस्त्या करतो. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी फादर जी पातळ गोल भाकर वाटतात, ती ओस्ती. मैदा आणि पाणी, दुसरं काही नाही. दोन जाड लोखंडी तव्यांचं विजेवरचं यंत्र असतं. त्यात पीठ ओतून दाबलं की कागदासारखा पापड निघतो, तो ओलावून गोल कापायचा. जिल्ह्यातल्या चर्चना आमच्याकडूनच ओस्त्या जातात.

दाराशेजारी भिंतीत एक लाकडी पिंप बसवलेलं आहे, एका बाजूनं उघडं. भाजी, पत्रं, औषधं मी बाहेरून त्यात ठेवायची आणि फिरवायचं. आतली सिस्टर काढून घेते. आवाज येतो, माणूस दिसत नाही. गॅसवाला, वीजबिलवाला, पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा, सगळ्यांची गाठ माझ्याशी. आणि प्रार्थना मागणाऱ्यांचीही. जुळे सोलापुरातून एक गृहस्थ दर परीक्षेला मुलाचं हॉलतिकीट झेरॉक्स करून आणायचे. “सीट नंबर नीट वाचून प्रार्थना करा, मागच्या वेळी गडबड झाली,” असं मला बजावून जायचे. एकदा एक धनगर आजोबा घंटा वाजवून म्हणाले, “बाई, माजी तीन शेरडं चुकल्यात. आत ज्या बसल्यात त्यास्नी इचारा, कुटं हायती.” मी म्हटलं, “आजोबा, त्या प्रार्थना करतात, असं सांगता येत नाही.” ते म्हणाले, “मग दिसभर करत्यात काय?” मी चिठ्ठी लिहून पिंपात ठेवली, ‘तीन शेळ्या.’ शेळ्या सापडल्या की नाही, ते सांगायला ते पुन्हा आले नाहीत. आमच्या कामात बहुतेक वेळा असंच होतं. निकाल कळत नाही.

आता मार्था. मैंदर्गीजवळच्या एका वाडीतली मुलगी. घरात कानडी, बाहेर मराठी. आई मिशनच्या दवाखान्यात आया, वडील शेतावर. सातवीपर्यंत शिकलेली. मठात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि दारातच मला म्हणाली, “अक्का, आत गेल्यावर बोलायचं न्हाय म्हणत्यात, खरं का?” मी हो म्हटलं. “बरं हुईल,” ती म्हणाली. “मी लई बोलते.” आणि आत गेली. त्यानंतर सात वर्षं माझ्यासाठी ती पिंपामागचा एक आवाज होती. “अक्का, मैदा आला का?” इतकंच.

तिच्याविषयी आत काहीतरी कुजबुज आहे हे मला उडत उडत माहीत होतं. दुपारच्या तासात ती कधीकधी अशी स्थिर होते की तास संपल्याची घंटाही तिला ऐकू येत नाही, हात लावून उठवावं लागतं. दोन म्हाताऱ्या सिस्टर ती उठायच्या आधी तिच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावतात. आमच्या तेव्हाच्या मदर मंगळूरच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी हे प्रकार बंद केले. “ती चांगली सिस्टर आहे. बाकी देवाला माहीत,” असं म्हणून विषय मिटवला.

मग तिचा हात भाजला.

सकाळची वेळ. मार्था ओस्तीच्या यंत्रापाशी उभी होती, दुसरी एक सिस्टर पलीकडं कापत होती. त्या दुसरीला करपल्याचा वास आला. तिनं मान वर केली तर मार्थाचा डावा तळहात तापलेल्या तव्यावर टेकलेला. मार्था समोर बघत होती. ओरडली नाही, हात काढला नाही. त्या सिस्टरनं तिला ओढून बाजूला केलं, तेव्हा अर्ध्या मिनिटानं मार्था म्हणाली, “काय झालं?” आणि मग रडायला लागली.

मी रिक्षा बोलावली. आमचे नेहमीचे बशीरभाई आले. मार्थाचा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाहून त्यांचा चेहराच उतरला. “सिस्टर, हात कू क्या हुवा?” मी सांगितलं. त्यांनी रिक्षा इतकी हळू चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देत होते. सात वर्षांनी बाहेर पडलेली मार्था डोळे मिटून बसली होती. हाताच्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली, झालेलं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हिला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

मेंदूचे डॉक्टर शेख तेव्हा चाळिशीतले होते, शांत माणूस. तपासण्या झाल्या. डोक्याला तारा लावून आलेख काढला. मग त्यांनी मार्थाला विचारलं, “तुम्हाला आधीही असं होत होतं?”

“व्हय.”

“काय होतं नक्की? सुरुवातीपासून सांगा.”

मार्थानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

“आधी वास येतो,” ती म्हणाली. “हुरड्याचा. कोवळी ज्वारी भाजतात, तसला. मग सगळं थांबतं. आवाज लांब जातात. मग तो असतो.”

“कोण?”

“ते सांगता येत न्हाय, डॉक्टर. माणूस न्हाय, उजेड बी न्हाय. आपण चुलीकडं तोंड करून बसलोय आन् घरचं माणूस मागून आत आलं, तर वळून न बघता कळतं का न्हाय? तसं.”

डॉक्टर लिहायचे थांबले. “भीती वाटते?”

“न्हाय वो. तो गेल्यावर वाटते.”

मग आम्हाला दोघींना समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं. कानाच्या वर, आतल्या बाजूला मेंदूचा एक भाग असतो. तिथं विजेचा गोंधळ झाला की असे झटके येतात. अंग थडथडत नाही, माणूस पडतही नाही. वास येतो, भान जातं, कुणीतरी जवळ आहे असं वाटतं. गोळ्यांनी झटके थांबतात. आणि थांबवलेच पाहिजेत, कारण आज हात होता, उद्या विहिरीचा काठ असेल.

मार्थानं विचारलं, “गोळ्या घेतल्या तर तो यायचा थांबंल?”

डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, मी झटके थांबवतो. त्याच्याबरोबर आणखी काय थांबेल, ते कळायचं साधन माझ्याकडं नाही.”

मार्था माझ्याकडं वळली. “अक्का, काय करू मी?”

“मदर सांगतील तसं,” मी म्हटलं. आमच्यात आज्ञापालनाचं व्रत असतं, त्यामुळं हे उत्तर बरोबरच होतं. सोपंही होतं.

संध्याकाळी मदरनी मला जाळीपाशी बोलावलं. बाहेरच्या माणसाशी बोलायची आमची खोली असते, मधे लोखंडी जाळी. मदर जाळीपलीकडं बसल्या आणि म्हणाल्या, “अँजेला, तू तिथं होतीस. तू तिचं ऐकलंस, डॉक्टरांचं ऐकलंस. मला दोन्ही बाजू पटतात. तुला काय वाटतं?”

या दारावर सव्वीस वर्षांत असा प्रश्न मला त्या एकदाच कुणी विचारला. मी लगेच म्हटलं, “द्याव्यात गोळ्या.”

“का?”

“हात भाजलाय, मदर. पुढच्या वेळी काहीही होईल.”

हे खरं होतं. पण तेवढंच खरं होतं का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला तेव्हा व्रत घेऊन अकरा वर्षं झाली होती. रोज दोन तास मीही बसत होते. चर्चमध्ये आतल्या सिस्टरना दिसणार नाही अशा बाहेरच्या बाजूला, एकटी. अकरा वर्षांत मला ना कसला वास आला होता, ना कुणी आत आल्याचं कळलं होतं. माझे वडील श्रीपूरच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांना विरोध करून, आईला रडवून मी या मठात आले, ते काहीतरी मिळेल म्हणून. मला दाराची घंटा मिळाली. आणि मैंदर्गीच्या या सातवी शिकलेल्या मुलीकडं तो न बोलावता येत होता. केबिनमध्ये डॉक्टरांनी ‘झटके’ हा शब्द उच्चारला, तेव्हा माझ्या आत काहीतरी सैल झालं. बरं वाटलं मला. ते बरं वाटणं मदरना दिलेल्या उत्तरात किती होतं? मी पुष्कळदा कबुलीला बसले, फादरना सांगितलं. ते म्हणाले, सल्ला योग्य होता. मला सल्ल्याचं विचारायचं नव्हतं.

मदरनी आज्ञा दिली आणि मार्थानं गोळ्या सुरू केल्या. दर महिन्याला औषधांच्या दुकानातून मी त्या आणायच्या, पुडी पिंपात ठेवायची, फिरवायचं. सुरुवातीला तिला फार झोप यायची. तीन-चार महिन्यांनी मी पिंपाशी तोंड नेऊन विचारलं, “मार्था, येतो का गं वास?”

“न्हाय.”

“आणि तो?”

“न्हाय.”

मी पिंप फिरवलं. पुडी गेली.

दुसऱ्या वर्षी ईस्टरच्या आधी तिनं स्वतःहून विचारलं. “अक्का, डॉक्टरांस्नी इचारता का? ईस्टरला एक दिस गोळी न्हाय घेतली तर चालंल? एकच दिस.”

मी गेले, विचारलं. डॉक्टर म्हणाले, मुळीच नाही. अशा गोळ्या एकदम तोडल्या तर मोठा झटका येऊ शकतो, जिवावर बेतेल. “त्यांना सांगा, मला नाही म्हणायला आवडत नाहीये,” असंही म्हणाले. मी येऊन मार्थाला सांगितलं.

“बरं,” ती म्हणाली.

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “बरं. अक्का, मैदा संपत आलाय.”

त्या दिवसापासून मी एक हिशोब धरून बसले, की हिचं जे होतं ते आपण काढून घेतलं. मेंदूचं असेल, देवाचं असेल, तिचं होतं ना? कधी उलटंही वाटायचं. जो दोन गोळ्यांनी जातो, तो देव कसला? मग त्यापुढं वाटायचं, माझा ताप गोळीनं जातो म्हणून ताप खोटा नव्हता. देवाला एखाद्या माणसाकडं यायचं झालं तर तो मेंदूतून येणार नाही तर कुठून? असं सगळं डोक्यात फिरत असताना बाहेरून घंटा वाजायची आणि कुणीतरी हॉलतिकीट घेऊन उभं असायचं.

नऊ वर्षं अशी गेली. त्या काळात तिला एकही झटका आला नाही. दरवर्षी तपासणीला मी तिला बशीरभाईंच्या रिक्षातून न्यायची. शेवटच्या खेपेला डॉक्टर शेख आलेख बघून म्हणाले, “सिस्टर, आता गोळ्या हळूहळू कमी करून बंद करून बघता येतील. इतकी वर्षं काही झालेलं नाही. अर्थात झटके परत यायची शक्यता असतेच. तुमच्यावर आहे.”

मार्था म्हणाली, “मदरना इचारते.” तोवर मदर बदलल्या होत्या. नव्या मदर वयानं तिच्याहून लहान. त्या म्हणाल्या, “हे मी ठरवणार नाही. तुझं तू ठरव.” मार्थानं दोन आठवडे घेतले आणि गोळ्या बंद करायचं ठरवलं. तिला यंत्रावरून काढून शिवणकामाला बसवलं. विहिरीकडं एकटं जायचं नाही, असं सांगितलं.

एक गोळी कमी, मग अर्धी. सहा महिने. माझ्या पुड्या लहान होत गेल्या आणि मी मात्र रात्रंदिवस एकच गोष्ट मागत होते, हिला तिचं परत मिळू दे. झटका आला तरी चालेल, असंही मनात यायचं. लगेच घाबरून ते मागं घ्यायची. अशी प्रार्थना देवानं कुठल्या कानानं ऐकायची?

शेवटची पुडी देऊन दोन महिने झाले. मग चार. मला राहवेना. दुपारी भाजी आत सरकवताना विचारलं, “मार्था, काही?”

“तुमालाच लई घाई, अक्का,” ती हसली. “काय न्हाय. झटका न्हाय. वास न्हाय. तो बी न्हाय.”

“काहीच नाही?”

“काहीच न्हाय.”

म्हणजे गोळ्यांनी गेलं नव्हतं? की नऊ वर्षांत वाट बुजली? की ते जाणारच होतं, गोळ्या असोत नसोत? नऊ वर्षं मी ज्याचा दोष डोक्यावर घेऊन फिरत होते, तो दोष होता तरी का? मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी पिंपाला डोकं टेकून रडायला लागले. आणि तिथंच, मेथीच्या दोन जुड्या मधे ठेवून, तिला सगळं सांगितलं. मदरना मी काय म्हटलं, का म्हटलं, मला तुझा हेवा वाटत होता, सगळं.

ती शांतपणे म्हणाली, “ठावं हुतं मला.”

“कसं?”

“पयली दोन वर्षं तुमी गोळ्यांची पुडी पिंपात आपटायचा. मग हळू ठिवाय लागला. तवाच म्हटलं, अक्काचं निवळलं.”

मी डोळे पुसले आणि विचारलं, “मग इतकी वर्षं तू रोज तिथं बसतेस कशी? कुणी येत नाही, काही नाही.”

“भाकरी करताना रोज भूक असतीच का? येळ झाली की करायची.” मग म्हणाली, “पयलं वर्ष लई वाईट गेलं, अक्का. खोटं न्हाय सांगत. घर मोकळं झाल्यागत. आता तसं न्हाय वाटत. का न्हाय वाटत ते मला बी ठावं न्हाय.”

डॉक्टरांना मी ही बातमी सांगायला गेले. ते म्हणाले, “झटके परत आले नाहीत, हे उत्तम झालं.” आणि मी निघताना दाराशी येऊन म्हणाले, “सिस्टर, त्यांच्या त्या घरच्या माणसाबद्दल मी अजून विचार करतो. दुसऱ्या कुठल्या पेशंटनं मला ते असं सांगितलं नाही.” त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासारखाच गोंधळ पाहून मला, खरं सांगते, थोडं हलकं वाटलं.

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही गुडघ्यांनी दगा दिला. दारावर ऊठबस होईना. माझ्या जागी एक तरुण सिस्टर आली आणि मला भिंतीच्या आत घेतलं. सव्वीस वर्षं ज्या बाजूला वस्तू सरकवल्या, त्या बाजूला आता मी राहते. आत काय असतं म्हणून विचाराल, तर कपडे वाळत असतात, कडुनिंबाखाली कोंबड्या फिरतात आणि एक घड्याळ पाच मिनिटं मागं आहे.

माझी चर्चमधली जागा मार्थाच्या शेजारी आली. ती आता चाळिशी ओलांडलेली, जाडसर, चष्मा लावणारी बाई आहे. डाव्या तळहातावर भाजल्याचा चकचकीत डाग. तिला रोज एवढ्या जवळून पाहायची माझी ही पहिलीच वेळ. दुपारच्या तासाला आम्ही बसतो. एप्रिल-मेमध्ये भिंतीतून वाफ निघते, पंखा गरम वारा ढकलत राहतो, आणि सगळ्या गप्प.

कबूल करते, पहिले कितीतरी दिवस मी प्रार्थना केलीच नाही. मी तिच्याकडं बघत बसायची. नाकपुडी हलते का, श्वास बदलतो का, चेहऱ्यावर काही उतरतं का. तिला काही होत असेल आणि ती सांगत नसेल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. तिच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळून भुवईत अडकायचा, एवढंच मला दिसायचं.

एका दुपारी मी अशीच तिरकी मान करून बघत होते. तासभर बोलायचं नसतं, ओठही हलवायचे नसतात. मार्थानं डोळे मिटलेलेच ठेवले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

“अक्का, माज्याकडं काय बघताय? म्होरं बघा की.”

मी मान वळवली आणि समोर बघत बसले.